एका ओळीचा रकाना

बांबोळीहून निघालेल्या बसमध्ये
आम्ही आपापल्या कॉलेजांप्रमाणे बसलो होतो.
डेंटलवाले पुढे, खिडक्या धरून.
नर्सिंगच्या मुली मधे, डबे मांडीवर.
फार्मसीचा तन्वेश एकटाच, मागच्या टायरवर.
फिजिओच्या अफ्शानला करमल घाटात मळमळू लागलं,
तेव्हा मेल्विटाने नाव विचारायच्या आधी पिशवी पुढे केली.

"एकत्र शिकायचंय," इवोन मॅडम म्हणाल्या होत्या.
मला वाटलं, एकत्र जेवायचं असेल.

गावडोंगरीच्या आरोग्य केंद्रात
माझ्या खुर्चीत आला शाणू वेळीप, वय बासष्ट,
चाळीस वर्षं पाडेली.
"आ करा."
भरतीला खाजनातले खुंट बुडावेत
तसे दात हिरड्यांत अर्धे बुडालेले.
मी मनातल्या मनात कापायला घेतलं.
गेल्याच महिन्यात शिकलो होतो, हात शिवशिवत होते.
"आणखी मोठा आ."
"मान दुखता रे बाबा," तो पुटपुटला.
मी ऐकलं. लिहून घेतलं नाही.
चार वर्षं मी बत्तीसपर्यंतच मोजत आलो,
मान त्या आकड्यात बसत नव्हती.

तन्वेश तोवर त्याची प्लॅस्टिकची पिशवी उपसत होता:
रेशनकार्ड, विड्यांचं बंडल, दोन काजूबिया,
प्रेशरच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.
"ही कधीपासून?"
"गेल्या पुरुमेंताक सुरू केली."
तन्वेशने माझ्याकडे नुसतं पाहिलं.
आणि मला ते पान आठवलं,
दुसरं वर्ष, डावी बाजू, पिवळ्या शाईने रंगवलेलं:
या गोळीने काहींच्या हिरड्या वाढतात.
पाच गुणांना आलं होतं.
मला साडेचार मिळाले होते.

"मग गोळी बंद करू," मी म्हणालो.
"तू?"
मेल्विटा एवढंच म्हणाली.
दोन्ही दंडांवर प्रेशर मोजलं तिने,
आणि पत्र कुठल्या डॉक्टरांना लिहायचं ते सांगितलं,
शब्दसुद्धा.

अफ्शान खुर्चीमागे गेली. टॉवेलची गुंडाळी
मानेखाली सरकवली,
आणि शाणूचं तोंड
मी न सांगता दोन बोटं जास्त उघडलं.
चाळीस वर्षं वर पाहून पाहून आखडलेली मान ती,
आणि मी तिला मागे, आणखी मागे ढकलत होतो.
"काका, हात वर करा."
डावा गेला सरळ शेंड्यापर्यंत.
उजवा खांद्याशी थांबला.
"माडावयल्यान पडिल्लों," तो म्हणाला,
कुणी नारळाचा भाव सांगावा तसा.
तीन वर्षं झाली. तेव्हापासून दात?
घासतो, कधी आठवलं तर, बोटाने.
डाव्या हातात ब्रश ठरत नाही.

सायकलचं दुकान शोधत मीच गेलो.
जुन्या ट्यूबची पट्टी अफ्शानने ब्रशच्या दांड्यावर गुंडाळली,
जाड, आणखी जाड, मुठीत बसेपर्यंत.
"कोयत्याची मूठ कशी," तो हसला.
हसताना त्याचे दात मी पहिल्यांदा पाहिले.
आधी फक्त तपासले होते.

संध्याकाळी वहीत रकाना: निदान.
एक ओळ. खाली एक सही.
तन्वेशने गोळीचं नाव उभं लिहिलं,
मेल्विटाचं अक्षर समासात उतरलं,
खांदा कुठे लिहायचा यावर अफ्शान आणि मी भांडलो.
"ही केस कोणाची?" मॅडमनी विचारलं.
कुणीच बोललं नाही.
खिडकीबाहेर कदंबाची वाट पाहत शाणू
डाव्या हाताने ब्रश हवेत फिरवत होता,
लहान लहान गोल.
बस दिसली तसा त्याने तो
खिशाला लावला, पेनासारखा.

परतताना मी मागच्या टायरवर बसलो.
घाट लागायच्या आधी
मेल्विटाने पिशवी माझ्याकडे दिली.